नावाड्याचा शेवट

उत्तममामांनी सारं आयुष्य अक्षरं रंगवण्यात घालवलं, पण डोळे जाईपर्यंत त्यांनी एक अख्खी गोष्ट कधी वाचली नव्हती. हे त्यांनीच मला सांगितलं, मी नांदेडला त्यांच्या घरी राहायला गेले त्या पहिल्याच आठवड्यात. ओसरीवरच्या लोखंडी खाटेवर ते बसले होते. हातात चहाची कपबशी होती. बशी जराही न हिंदकळता तोंडाशी नेत म्हणाले, "मी एका वेळी एकच शब्द वाचला बघ शालू. किराणा. भुसार. कापड. सायकल रिपेरिंग. दोन शब्दांच्या पुढं गाडी गेलीच न्हाई." मला वाटलं ते गमतीनं बोलताहेत, म्हणून मी हसले. ते हसले नाहीत. मग मी रिकामी बशी त्यांच्या हातातून घेतली.

मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमचं घर उदगीरला, वडील तिथल्या शाळेत कारकून. बारावीनंतर मला नांदेडच्या कॉलेजात घातलं ते शिक्षणासाठी, असं सगळ्यांना सांगितलं गेलं, आणि ते खोटं नव्हतं. पण निघायच्या आदल्या दिवशी वडिलांनी मला एकटीला बसवून सांगितलं, "तुझी सुलोचनाआत्या दवाखान्यात ड्यूटीला जाते, घरी मामा एकटे असतात. तू दुपारी कॉलेजातून आलीस की त्यांच्याजवळच बसत जा. इकडंतिकडं करू नको." वडील कधी इतकं हळू बोलत नसत. मी का म्हणून विचारलं नाही. नांदेडच्या घराचं दार पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कळलं. दाराला बाहेरून कडी होती, आणि आत माणूस होता.

मी लहानपणी सुट्टीत या घरी यायची तेव्हाचे मामा वेगळे होते. ओसरीवर पत्र्याचे बोर्ड उभे केलेले, टर्पेंटाइनचा वास, आणि समोर कुणी ना कुणी दुकानदार उभा. लोक बोर्ड सांगायला यायचे आणि सल्ला घेऊन जायचे. दवाखान्याचं नाव लाल रंगात मागितलं तर मामा म्हणायचे, "डाक्टर, लाल नका घेऊ. आलेला माणूस आधीच भ्यालेला असतो." मिठाईवाल्याला सांगायचे, पिवळ्याला काळी कड द्या, लांबून वाचता येतं. गल्लीतली मुलं चित्रकलेच्या परीक्षेआधी त्यांच्याकडे रांग लावायची, कोणता कागद घेऊ, कोणता रंग घेऊ. त्यांचं एकच सांगणं असायचं: रंग हलका घेतला तरी चालेल, ब्रश हलका घेऊ नको. मला त्यांनी खारीच्या केसाचा बारीक ब्रश दिला होता आणि तो वापरून झाल्यावर ओठांनी टोक कसं करायचं ते दाखवलं होतं. माझ्या आयुष्यात कुणी तरी विचार करून, माझा हात बघून, माझ्यासाठी निवडून दिलेली ती पहिली वस्तू.

मग त्यांची साखर वाढली. ती बरीच वर्षं वाढलेलीच होती, त्यांनी लक्ष दिलं नाही. डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलं. हैदराबादच्या डॉक्टरांनी जे करता येईल ते केलं. उजवा डोळा आधी गेला, डावा सहा महिन्यांनी. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. बोर्ड सांगायला येणारे लोक काही दिवस चौकशीला आले, मग यायचे थांबले. मुलं तर लगेच थांबली. एक दिवस दुपारी आत्या ड्यूटीवर असताना मामा काठी घेऊन बाहेर पडले, रिक्षा थांबवली आणि गोदावरीच्या घाटावर गेले. पाण्याच्या पायरीवर बसलेले होते. घाटावर फुलं विकणाऱ्या एका बाईला काहीतरी वेगळं वाटलं, तिनं त्यांचा हात धरून उठवलं, पत्ता विचारला आणि स्वतः घरी आणून सोडलं. त्या दिवसापासून ड्यूटीला जाताना आत्या बाहेरून कडी लावू लागली. यावर घरात कुणी कधी बोललं नाही. मामांना कडीचा आवाज ऐकू येत असणारच. तेही काही बोलले नाहीत.

त्या घरातली सकाळ लवकर सुरू व्हायची. गुरुद्वाऱ्यातल्या कीर्तनाचा आवाज वाऱ्यावर यायचा, मग आत्याच्या स्टोव्हचा. ती निघण्याआधी सुशीला करून ठेवायची. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा, हिरवी मिरची आणि वर डाळ्याचं कूट, इतकी ताजी की मुरमुरे अजून कुठं कुठं चावायला लागायचे. जेवायला भाकरी, भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या येसराची आमटी, अंबाडीची भाजी. मामांच्या ताटात आत्या पदार्थ घड्याळासारखे वाढायची, बाराला भाजी, तीनला चटणी, सहाला भाकरी, आणि वाढताना मोठ्यानं सांगायची. एरवी ती फार कमी बोलायची. दवाखान्यात सतत बोलावं लागतं म्हणून घरी तोंड मिटून असते, असं म्हणायची. पण मला वाटतं तिला एकच गोष्ट बोलायची होती आणि ती बोलता येत नव्हती, म्हणून बाकीचीही राहिली.

मी सतरा वर्षांची होते आणि माझी समजूत अशी होती की दुःखी माणसाला योग्य वस्तू मिळाली की तो बरा होतो. मी आधी बुद्धिबळ आणलं. सोंगट्या चाचपताना त्या पडायच्या, मग मामा हात मागं घ्यायचे. दोन दिवसांत तो पट माळ्यावर गेला. मग अर्ध्या फोडलेल्या चिंचोक्यांचा खेळ मांडला. एक बाजू गुळगुळीत, एक चपटी, त्यामुळं किती पडले ते त्यांना बोटांनी मोजता यायचं. तो चालला, पण मी त्यांना मुद्दाम जिंकू देत होते आणि त्यांना ते कळत होतं. एक दिवस चिंचोके बाजूला सारून म्हणाले, "तू कालिजात काय वाचतीस ते वाच की. मोठ्यानं वाच. तुझा अभ्यास बी होईल." मी इतिहासाचं पुस्तक उघडलं. ते पाच मिनिटं ऐकत राहिले आणि म्हणाले, "हे न्हाई. ह्याच्यात कुणी बोलून राहिलं न्हाई."

कॉलेजच्या वाटेवर एक जुनं वाचनालय होतं. तिथं देवघेवीच्या टेबलावर शमीमआपा बसायच्या, डोक्यावर पदर, नाकावर चष्मा, आणि सगळ्यांशी अर्धी मराठी अर्धी दखनी. मी त्यांच्याकडे जाऊन सांगितलं, माझ्या मामांना दिसत नाही, त्यांच्यासाठी चांगलं पुस्तक द्या. त्यांनी कपाटाकडे हातसुद्धा नेला नाही. विचारलं, "मामा काय करायचे बेटा? हसतात का? रागीट आहेत का शांत? कुणाचा आवाज आवडतो त्यांना?" मला शेवटच्या प्रश्नाचं उत्तर येईना. त्या म्हणाल्या, "जा, विचारून ये. अशी किताब देत नसते मी."

मी मामांना विचारलं. त्यांनी बराच विचार केला. "बाजारात दोन माणसं सौदा करताना बोलतात ना, तसला," ते म्हणाले. हे ऐकून आपांनी एका व्यापाऱ्याच्या घराची लांबलचक कादंबरी काढून दिली, ज्यात पानोपानी माणसं घासाघीस करत होती. मी ती तीन आठवडे वाचली. दुपारी चारला मी यायची, कडी काढायची, हात-पाय धुऊन खाटेजवळ सतरंजी टाकायची आणि आत्या येईपर्यंत वाचायची. मामा भिंतीला टेकून, मान किंचित वाकडी करून ऐकत. त्यांना वाचायला मिळालं नव्हतं, पण अक्षरावरची नजर होती. एखादं वर्णन लांबलं की म्हणायचे, "ह्यानं अक्षराला लई फुलं काढली. वाचायचं राहून जातं." एखादा प्रसंग आवडला की काही न बोलता मांडीवर बोटानं एक रेघ मारायचे, आडवी, सरळ.

आज लातूरला माझ्या घरी माझी भाची येते. तिच्या हातातल्या फोनवर तिनं एक गाणं ऐकलं की लगेच दहा गाणी पुढं येतात, हे तुम्हाला आवडेल म्हणून. गोष्टींचं तसंच, खेळांचं तसंच, चित्रं काढायच्या साधनांचंही तसंच. तिला सोयीचं आहे, माझी त्याला हरकत नाही. पण मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढली, आणि कुणी येऊन 'काहीतरी चांगलं द्या' म्हटलं की अजूनही मी कपाटाकडे हात न्यायच्या आधी थबकते. दुसऱ्यासाठी निवडणं ही फार मोठी ढवळाढवळ असते. हे मला ज्या पुस्तकानं शिकवलं त्याची गोष्ट आता सांगते.

ते पुस्तक मी आपांना न विचारता स्वतः निवडलं. एका नावाड्याची कादंबरी होती. नदीवर पूल होतो, लोक पुलावरून जायला लागतात, आणि वीस वर्षं लोकांना पार नेणारा माणूस काठावर बसून राहतो. मी वाचनालयातल्याच बाकावर बसून ती निम्मी वाचली आणि भारावून गेले. मला वाटलं, हा तर माझ्या मामांसारखाच माणूस आहे. ज्याचं काम गेलं त्याला, ज्याचं काम गेलं त्याचीच गोष्ट द्यावी. आपांनी नोंद करताना चष्म्यावरून बघितलं. "मामांसाठी? आखिरपर्यंत वाचली का तू?"

"हो," मी म्हणाले.

वाचली नव्हती. घाई होती, कॉलेज सुटलं होतं, आणि उरलेली आपण वाचता वाचताच वाचू असं मला वाटलं.

मामांनी ती गोष्ट अशी ऐकली की मी तसं ऐकणं पुन्हा पाहिलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मला थांबूच दिलं नाही. नावाडी पुलाच्या कामावरच्या मजुरांना फुकट पलीकडे नेतो, त्याच पुलाच्या, हे आलं तेव्हा त्यांनी मांडीवर रेघ मारली आणि हात तिथंच ठेवला. लोक ओळख दाखवेनासे होतात त्या पानावर म्हणाले, "खरं लिहिलंय. अगदी खरं लिहिलंय." भाकरी थापताना आत्या माझ्याकडे बघायची, तिच्या तोंडावर जरा उजेड दिसायला लागला होता. आठव्या-नवव्या दिवशी शेवटचं प्रकरण आलं. पूर आला होता, नावाडी सकाळी काठावर गेला होता. मी वाचत होते आणि डोळे सवयीनं दोन ओळी पुढं धावले. नावाडी दावं सोडतो, वल्हं काठावरच ठेवतो, नावेत बसतो आणि नाव पुरात लोटून देतो. पान उलटलं तर पुढं फक्त नदी होती, आणि पुस्तक संपलं होतं.

मी थांबले. मामा म्हणाले, "काय झालं? वाच की."

मला दाराची कडी दिसत होती. मी पुस्तकाकडे बघत राहिले आणि तोंडानं दुसरंच बोलायला लागले. नावाडी दाव्याला हात लावतो, तेवढ्यात पुलावरून कुणीतरी त्याला हाक मारतं. पुराच्या पाण्यात पूल टिकेल का हे कुणालाच कळत नसतं, कारण ही नदी ओळखणारा तोच एक असतो. तो पुलावर जातो, पाणी बघतो, आणि गाड्या थांबवायला सांगतो. मग त्याला पुलाचा राखणदार नेमतात. पाऊस ओसरल्यावर तो पुलाच्या कठड्याला टेकून खाली आपली नाव बघत उभा राहतो. मी मधेमधे पानही उलटलं, आवाज हवा म्हणून. संपल्यावर मी पुस्तक मिटलं. मामा म्हणाले, "असं हाय तर." एवढंच.

पण दुसऱ्या दिवसापासून घर बदललं. मामांनी आत्याकडे दाढीचं सामान मागितलं. माझा हात धरून गल्लीच्या टोकापर्यंत गेले, तिथल्या दुकानदाराला त्याच्या नव्या बोर्डाचा रंग विचारला आणि तो चुकलाय असं सांगितलं. शेजारची एक मुलगी चित्र काढत बसली होती, मामा तिच्याजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "ब्रश कोरडा पडलाय तुझा, कागदावर खरखरून राहिला. ऐक." तिनं ऐकलं. खरंच कोरडा होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते नावाड्याची गोष्ट सांगायचे, नदी ओळखणारा तो एकच माणूस होता, इथपर्यंत आले की त्यांचा आवाज चढायचा. आत्यानं एक दिवस कडी लावली नाही. मग लावलीच नाही. मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली. मला अजून लाज वाटते ती त्या शाबासकीची.

आईला बरं नाही म्हणून मी चार दिवस उदगीरला गेले. पुस्तक नांदेडलाच राहिलं होतं. परत आले तेव्हा दुपार होती आणि दाराला बाहेरून कडी होती.

आत मामा खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजले होते. आत्या त्या दिवशी घरीच होती. कडी लावून जरा शेजारी गेली होती, ती माझ्या मागोमाग आली. तिनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "काय करून ठेवलंस शाले? काल मला सुट्टी होती. ते म्हणाले, शेवटचं प्रकरण परत वाचून दाखव, लई चांगलं हाय. मी वाचलं. मला काय ठाऊक! मी वाचत गेले, वाचत गेले…" तिनं पदर तोंडाशी धरला.

मी मामांपाशी जाऊन सतरंजीवर बसले. ते वळले नाहीत. "मामा," मी म्हणाले, "मला भीती वाटली."

"कशाची?"

मी सतरंजीचा काठ ओढत राहिले.

"मी काय वाचावं ते तू ठरीव," ते भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले. "तुला जास्ती कळतं. पण त्यात काय लिहिलंय ते तू ठरवू नको. पंधरा दिवस मी गावभर सांगत फिरलो ते. लोकं हसले असतील. ज्यांनी वाचली असंल ती हसली असतील, की पेंटरला पोरीनं बनवलं." मग पुन्हा म्हणाले, "मी पंचवीस वर्षं बोर्ड रंगवले. दुसऱ्याच्या बोर्डावर ब्रश फिरवायचा असंल तर त्याला विचारायचं असतं. न्हाईतर आपला वेगळा पत्रा घ्यायचा आणि खाली आपलं नाव टाकायचं. तू माझ्या आंधळेपणाच्या आडून केलंस ते. माझे डोळे असते तर केलं असतं का?"

"नसतं केलं," मी म्हणाले.

"मग जा आता."

त्यानंतर तीन आठवडे मी वाचलं नाही. चारला घरी यायची, कडी काढायची, सतरंजी टाकायची, आणि आम्ही दोघं गप्प बसायचो. रस्त्यावरून भाजीवाली जायची, रेल्वेची शिटी यायची. मामा जेवायचे, औषध घ्यायचे, विचारलं तर हो-नाही म्हणायचे. मांडीवरचं बोट हललं नाही. मला वाटायचं त्यांनी ओरडावं. त्या दिवसांत मला कळलं की आपण ज्या माणसाला जपतो असं म्हणतो त्याला आपण किती छोटं करून ठेवतो, आणि ते ओरडून सांगण्याइतकंही बळ त्याच्यात उरत नाही.

पुस्तक परत करायला गेले तेव्हा मी शमीमआपांना सगळं सांगितलं, आधीच्या खोट्यासकट. वाटलं होतं त्या म्हणतील, तू चांगल्यासाठी केलंस. त्या म्हणाल्या नाहीत. चष्मा काढून पुसत राहिल्या. "मी तुला विचारलं होतं, आखिरपर्यंत वाचली का. का विचारलं? मला शेवट माहीत होता म्हणून. तू हो म्हणालीस, मला वाटलं पोरगी विचार करून नेतेय. आता गलती माझी पण झाली." त्यांनी पुस्तक जमा करून घेतलं नाही, तसंच माझ्याकडे सरकवलं. "हे अजून वाचून झालेलं नाही तुझं. तू वाच त्यांना. आत्यानं वाचलं ते नको, तू वाच."

मामा त्यानंतर बरीच वर्षं जगले. त्यांच्या कानांवर भरवसा ठेवून ब्रश शिकलेल्या चार मुली आज शाळांमधून चित्रकला शिकवतात. मला नोकरी लागल्यावर ते दर उन्हाळ्यात लातूरला येऊन राहायचे आणि माझ्याकडून पुस्तकं ऐकायचे. पण हे सगळं झालं ते त्या एका दुपारमुळं झालं, असं मला वाटतं, आणि ती दुपार अगदी साधी होती. शुक्रवार होता. आत्याची सकाळची ड्यूटी होती, ती यायची होती. मी सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "मामा, मला नावाड्याचा शेवट वाचायचाय. आहे तसा. नको असेल तर नको म्हणा."

मामा उठून बसले, पाठ भिंतीला लावली. "वाच."

मी वाचलं. एकही शब्द सोडला नाही. दावं आलं तिथं माझा आवाज फुटला, मी थांबले, पाणी प्यायले आणि पुन्हा वाचलं. नाव गेली, वल्हं काठावर राहिलं, नदी राहिली. मी पुस्तक मिटलं.

मामा म्हणाले, "लिहिणाऱ्यानं चांगलं लिहिलंय. त्या माणसाला विचारणारं कुणीच उरलं नव्हतं, म्हणून तो गेला. आता सांग, तुला काय वाटलं होतं? मी हे ऐकलं की काय करीन?"

मी मान खाली घातली. त्यांना ते दिसत नाही हे लक्षात आल्यावर मी म्हणाले, "घाट."

"हां. घाट." ते म्हणाले. "तुम्ही दोघी एक कडी लावून बसल्या त्या घाटासाठी. मला एकदा तरी कुणी विचारलं का, की उत्तमराव, तुम्ही तिथं कशाला गेले होते?"

ओसरीच्या पायरीशी आत्या येऊन उभी राहिली होती. हातात पिशवी, अंगावर पांढरी साडी. तिनं चपला काढल्या नव्हत्या. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं मला बोलू नको अशी मान हलवली.

"कशाला गेला होता मामा?" मी विचारलं.

"मरायला गेलतो," ते म्हणाले. "ते खरंच हाय, खोटं कशाला बोलू. पायरीवर बसलो, पाय पाण्यात सोडले. थंड होतं पाणी. तर जवळच एक बाई धुणं धुऊन राहिली होती आणि लेकीशी भांडत होती. साबण वाहून गेला होता. आई म्हणे तुझं लक्ष कुठं असतं, लेक म्हणे तूच ठेवला होता काठावर. आई म्हणे आता तुझ्या परकरानं धू. लेक म्हणे तो बघ तिथं अडकलाय दगडाला, आई म्हणे न्हाई तो पाला हाय. लई भांडल्या. मला वाटलं, हे एवढं ऐकावं. ह्यांचं भांडण संपू द्यावं, मग बघू. म्हणून बसून राहिलो. तेवढ्यात ती फुलवाली आली आणि धरला माझा हात."

रस्त्यावरून सायकल गेली. मग मामांनी मान पायरीकडे वळवली. आत्याच्या साडीला दवाखान्याचा वास असायचा, तो त्यांना आला असावा. आत्या आत आली, पिशवी तशीच हातात धरून खाटेच्या कडेला त्यांच्याजवळ बसली. मी या घरी आल्यापासून तिला तिथं बसलेलं पाहिलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

"मग?" तिनं विचारलं. "सापडला का साबण?"

"काय की बाई," मामा म्हणाले. "तेवढ्यात मला उठवूनच आणलं की."